हात लावू नका, पण विचारा जरूर

प्रश्न : ताई, गेल्या शनिवारी आईला घेऊन आमच्या इथल्या (न्यू जर्सी) क्विल्ट प्रदर्शनाला गेले होते. आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आहे. तिने जन्मभर गोधड्या शिवल्या, आम्हा सगळ्या भावंडांच्या मुलांची दुपटी तिच्याच हातची. हॉलमध्ये शिरल्यावर ती इतकी खूश झाली की एका क्विल्टची कड तिने सहज चिमटीत धरली. लगेच पांढरे हातमोजे घातलेल्या एक बाई आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘प्लीज, डोन्ट टच.’ आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण एवढं कळलं. तिचा चेहरा पडला. नंतर ती मुकाट्याने माझ्यामागून फिरली, आणि घरी आल्यावर म्हणाली, ‘पांघरायच्या वस्तूला हात लावायचा नाही, तर मग करायची कशाला?’ मला फार राग आलाय. आयोजकांना तक्रारीची ईमेल पाठवावी असं वाटतं. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावात असंच प्रदर्शन आहे, पण आई यायला तयार नाही. एक मात्र सांगते, मीही तिथे मैत्रिणीला म्हणाले होते की बाराशे डॉलर काय, दुकानात अशीच साठ डॉलरला मिळते. ते बहुधा तिथे बसलेल्या शिवणाऱ्या बाईंनी ऐकलं. आईला परत न्यावं का? आणि तिची गोधडी अशा ठिकाणी मांडू देतात का?
— एक लेक

प्रिय मैत्रीण,

हातमोजेवाल्या बाईंबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि बाराशे डॉलरच्या बोलण्याबद्दल जाता जाता. मला त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यापाशी जास्त थांबायचं आहे. पण आधी आईंचं.

आईंनी केलं ते अगदी स्वाभाविक होतं. गोधडी पारखायची आपली रीतच हाताची आहे. कड चिमटीत धरून आत किती थर आहेत ते बघायचं, तळवा फिरवून धावदोरा किती दाट घातलाय ते बघायचं, मऊपणावरून आतलं लुगडं किती वर्षं नेसलेलं असेल याचा अंदाज घ्यायचा. जन्मभर हे काम केलेल्या बाईचा हात तिकडे जाणारच. त्यांच्या हाताने त्या कापडाला दाद दिली होती, आणि तीच अडवली गेली. वाईट वाटणं साहजिक आहे.

तरीही नियम बरोबर आहे, आणि तो आईंना समजावून सांगितला तर त्यांच्याइतका चटकन कुणालाच पटणार नाही, कारण कापड त्यांना कळतं. मी स्वतः अशा प्रदर्शनांत हातमोजे घालून उभी राहिले आहे. दोन दिवसांत शेकडो माणसं समोरून जातात. प्रत्येकाने एकदाच, अगदी हळुवार हात लावला तरी घाम, त्वचेचं तेल, हँड क्रीम आणि नुकत्याच खाल्लेल्या कुकीचं लोणी त्या एकाच कडेला लागत राहतं. डाग त्या दिवशी दिसत नाही. काही वर्षांनी तिथे पिवळट झाक येते, आणि ती जाता जात नाही. धुवावं म्हटलं तर जुन्या क्विल्टमधले काही रंग, विशेषतः लाल, पाण्यात सुटून शेजारच्या पांढऱ्यावर पसरतात. एकोणिसाव्या शतकातले काही तपकिरी आणि काळे रंग पक्के करण्यासाठी लोखंडाचे क्षार वापरत, त्यामुळे आज कधी कधी बाकीचा क्विल्ट धडधाकट असतो आणि नेमके तपकिरी तुकडे विरून गेलेले असतात. अशा तुकड्याला नुसतं बोट लागलं तरी सूत गळतं. त्यात क्विल्ट टांगलेला असतो. सगळं वजन वरच्या कडेवर आलेलं असतं, खालून कुणी हौसेने ओढून पाहिलं की ताण थेट हाताच्या टाक्यांवर जातो.

आणि तो क्विल्ट बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरचा असतो. गावच्या गिल्डचं (क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळाचं) प्रदर्शन म्हणजे सभासद बायकांनी (हल्ली काही पुरुषांनीही) घरच्या पलंगावरून, भिंतीवरून, नातवाच्या खोलीतून दोन दिवसांसाठी उसना दिलेला ऐवज. तो जसाच्या तसा परत करण्याची जबाबदारी त्या हातमोजेवाल्या बाईंच्या अंगावर असते. त्यांचा आवाज चढला असेल तर ते चुकलंच. पण त्या हातमोज्यांचं दुसरं काम तुम्हाला त्या दिवशी कळलं नाही, आणि ते त्यांनी सांगायला हवं होतं. बघणाऱ्यांना कड उचलून मागची बाजू दाखवणं, हे ते काम. तुम्ही नुसतं ‘मागून बघता येईल का?’ असं विचारा, त्यांचा चेहरा खुलतो. कारण क्विल्टची मागची बाजू बघायला मागणारा माणूस जाणकार असतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. हाताने घातलेले टाके मागूनही पुढच्यासारखेच एकसारखे उतरलेत का, गाठी आत दडवल्यात का, हे मागूनच कळतं. मागच्या कोपऱ्यात बहुधा छोटं कापडी लेबल असतं, त्यावर शिवणारीचं नाव, गाव, साल, आणि कधी कधी कुणासाठी शिवला तेही.

म्हणून तक्रारीची ईमेल पाठवू नका. काही लिहायचंच असेल तर एवढं लिहा, की माझी आई गोधड्या शिवते, तिच्या हाताला बघायची सवय आहे, पुढच्या वेळी दारापाशी हात लावून बघण्यासाठी एखादा नमुना ठेवता का? काही ठिकाणी असा नमुना ठेवतात, मुलांसाठी आणि दृष्टी अधू असलेल्यांसाठी तर तो हवाच. ही सूचना कुणालाही आवडेल. ज्या बाईंनी टोकलं त्या स्वयंसेविका आहेत, दिवसभर पायांवर उभ्या असतात. त्यांच्याविरुद्ध कागद सरकवण्यात काही हशील नाही.

आता बाराशे डॉलर.

हे बोलणं हात लावण्यापेक्षा खूप जास्त लागलं असणार. हात लागलेला क्विल्ट वाचतो. आपल्या शेजारी उभं राहून कुणी आपल्या कामाची किंमत दुकानातल्या मालाशी लावली, ते ती बाई विसरणार नाही. तुम्ही आईंसाठी चिडलात, ते समजतं. पण त्या खुर्चीत बसलेली बाईसुद्धा कुणाची तरी आईच असेल, आणि तिला टोचणारे शब्द तुमचे होते.

हिशेब मांडून बघू. डबल बेडपेक्षा मोठा, क्वीन मापाचा क्विल्ट म्हणजे साधारण नव्वद इंच बाय शंभर इंच. वरचा भाग आणि मागचं अस्तर मिळून पंधरा ते वीस यार्ड सुती कापड लागतं. क्विल्टच्या दुकानात चांगलं कापड आज यार्डाला बारा-तेरा डॉलरच्या घरात आहे. म्हणजे कापडाचेच दोन-अडीचशे डॉलर झाले, आतली कापसाची बॅटिंग (वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घालायचा थर) आणि दोरा वेगळा. तिन्ही थर जोडणारे मधले टाके लाँगआर्म मशीनवर (याच कामाचं मोठं, लांब हाताचं शिलाई यंत्र) दुसऱ्याकडून घालून घेतले तर चौरस इंचाला दोन-तीन सेंट पडतात. नऊ हजार चौरस इंचांचे किती होतात ते तुम्हीच गुणा. अजून त्या बाईच्या हाताचा एक तासही धरलेला नाही. तुकडे कापणं, जुळवणं, इस्त्री, चुकलेली शिवण उसवणं, कडेची गोट, आणि टाके हाताने घातले असतील तर इंचाला आठ-दहा टाके या चालीने तो अख्खा पसारा. मोठ्या क्विल्टला शेकडो तास सहज जातात. बाराशेतून सामानाचे पैसे वजा करा, उरलेल्याला तासांनी भागा, ताशी दर बघून तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. बहुतेक जणींना हे पुरेपूर माहीत असतं. म्हणूनच कितीतरी क्विल्टवर ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी असते.

दुकानातलं साठ डॉलरचं पांघरूणही हाताशिवाय झालेलं नसतं. तेही कुठल्या तरी देशात कुणीतरी शिवलेलंच असतं, फक्त त्या हातांचा मोबदला किती कमी होता हे त्या किमतीत दिसतं. ती किंमत मापदंड म्हणून हातात धरणं मला पटत नाही.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आपल्याकडे घरची जुनी लुगडी देऊन गोधडी शिवून घेतात, तेव्हा मजुरीवरून किती घासाघीस चालते, हे आईंना विचारा. ‘कापड तर आमचंच आहे, तुझं काय गेलं?’ हे वाक्य त्यांनी ऐकलेलं असणार. बाईच्या हातचा धावदोरा घरातच होतो, दुपारच्या वेळेत होतो, गप्पा मारता मारता होतो, म्हणून तो फुकटातला समजायचा, ही सवय मिरजेतही आहे आणि न्यू जर्सीतही.

त्यामुळे माझा सल्ला असा, की त्या बाईंना दोन ओळी लिहा. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत प्रत्येक क्विल्टचा नंबर आणि शिवणारीचं नाव असतं. पत्ता नसेल, पण गिल्डकडे दिलेली चिठ्ठी तिच्यापर्यंत पोचते. लिहा की त्या दिवशी किमतीबद्दल मी बोलले ते विचार न करता बोलले, त्याबद्दल क्षमा मागते. तुमच्या क्विल्टमधलं अमुक मला आवडलं. ते ‘अमुक’ खरोखर आठवून लिहा, एखादी रंगांची जोडी, एखादा कोपरा. ‘सुंदर होता’ एवढंच लिहिलंत तर ती नुसती शिष्टाचाराची चिठ्ठी होईल. तो मला महाग का वाटला याची कारणं मात्र देत बसू नका.

आईंना परत न्यायचं का? जरूर न्या. पण आधी घरी निवांत बसून त्यांना दोन-तीन गोष्टी सांगा, कारण त्यांच्या मनात आता असं बसलंय की हे शोभेचं काम आहे, आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. संबंध फार जवळचा आहे.

अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले लोक कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज, बहुतेकांचं आडनाव पेटवे, हे त्या मळ्याच्या मालकाचंच. तिथल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या जुन्या कपड्यांचे क्विल्ट शिवले, शेतात झिजलेल्या डेनिमच्या विजारी, कामाचे सदरे, पिठाची पोती. थंडीसाठी, कारण घरांच्या भिंतींतून वारा यायचा. 1942 साली मिसूरी पेटवे या बाईने नवरा गेल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांचा क्विल्ट शिवला, त्याची आठवण अंगावर घ्यायला. 2002 मध्ये या वस्तीतले क्विल्ट ह्यूस्टनच्या मोठ्या कलासंग्रहालयात लागले आणि तिथून न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. हे आईंना सांगा, गेलेल्या सासूचं लुगडं गोधडीत घालणाऱ्या बाईला वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

तसंच 1930 च्या दशकातल्या मंदीचं. पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य त्या काळी कापडी पोत्यांतून यायचं. बायका ती पोती धुऊन मुलींचे फ्रॉक आणि क्विल्ट शिवतात, हे कंपन्यांच्या लक्षात आलं, तेव्हा पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात झाली. नवऱ्याला खाद्य आणायला पाठवताना ‘याच छापाचं आण’ म्हणून कापडाचा तुकडा बरोबर द्यायच्या म्हणे. गावच्या प्रदर्शनात त्या पोत्यांचा एखादा जुना क्विल्ट बऱ्याचदा असतो, दिसला तर त्याच्यापुढे आईंना थोडा वेळ उभं राहू द्या.

आणखी एक गोष्ट त्यांना बघायला सांगा, ती त्यांच्याइतकी नीट फार थोड्यांना दिसेल. अमेरिकन पद्धतीत आधी वरचं अंग तुकडे जोडून पूर्ण शिवतात, मग खाली अस्तर, मध्ये बॅटिंग असे तीन थर कच्चे टाचतात, आणि हाताने टाके घालताना साधारण मध्यापासून सुरू करून कडांकडे जातात. सुरकुती बाहेर ढकलली जावी म्हणून. आपल्याकडच्या कितीतरी गोधड्या उलट्या चालतात. कडेकडून सुरुवात, आणि धावदोरा फेरे घेत घेत आत. तुकडे ठेवत जायचे आणि त्याच दोऱ्याने थरही बांधत जायचे. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजातल्या (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकाही असंच कडेकडून आत शिवतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. आईंची रीत कुठली? तिथल्या एखाद्या शिवणाऱ्या बाईंना तुम्ही दुभाष्या होऊन हे विचारा आणि सांगा. दोन्हीकडच्या बायका बोटांनी हवेत टाके घालून दाखवायला लागतील, आणि मग तुमच्या दुभाषेपणाची फारशी गरज उरणार नाही.

जाताना पाळायच्या गोष्टी फार नाहीत. मोठ्या पर्सा आणि पाठपिशव्या गाडीत ठेवा, अरुंद वाटेत वळताना त्याच आधी क्विल्टला घासतात. कॉफी बाहेर संपवा. मतपत्रिकेवर खूण करायला शिसपेन्सिल न्या, शाईचं पेन नको. (‘प्रेक्षकांची पसंती’ म्हणून एक बक्षीस असतं. आईंचंही मत घाला, त्यांच्या मताला तिथे वजन असायला हवं.) फोटो काढण्याआधी त्या प्रदर्शनाचा नियम विचारा, आणि व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकणार असाल तर शिवणारीचं नाव त्याच्याबरोबर टाका. नाव नसलेला फोटो फिरत फिरत कुठे जातो आणि कोण त्या नक्षीची नक्कल करून विकायला लागतं, हे आपल्या हाती राहत नाही.

बोलण्याचं मात्र सांभाळा. ‘हे मशीनवर केलंय होय’ असं निराश होऊन म्हणू नका. लाँगआर्म मशीन चालवणं हे वेगळं कसब आहे, त्याला वर्षं जातात. ‘इथे टोक जुळलं नाही’ हे सांगायला परीक्षक असतात, आणि ते त्यांनी बाईंना लिहूनही दिलेलं असतं. त्याऐवजी विचारा. हा रंग इथे घ्यावा असं कधी ठरलं? हे कापड कुणाचं होतं? किती दिवस लागले, हा प्रश्न त्यांना इतक्या वेळा विचारला जातो की त्या हसून काहीतरी सांगतात. कापड कुणाचं होतं, असं विचारलं की खरी गोष्ट ऐकायला मिळते.

बाहेर पडताना गिल्डच्या सभासदांनी मिळून शिवलेल्या क्विल्टची सोडत असते, तिची एक-दोन तिकिटं घ्या. बहुतेक गिल्ड वर्षभर रुग्णालयांसाठी, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्विल्ट शिवून देतात, हे पैसे तशाच कामांना लागतात.

राहिला आईंच्या गोधडीचा प्रश्न. पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाला बहुधा उशीर झाला असेल, प्रवेशाचे फॉर्म काही महिने आधी भरावे लागतात, आणि काही ठिकाणी फक्त सभासदांचंच काम घेतात. पण तेवढ्यावर थांबू नका. बहुतेक गिल्डची महिन्याला सभा असते आणि तिच्यात प्रत्येकीने आपलं काम उभं राहून दाखवायची एक वेळ असते. पाहुण्यांना तिथे येऊ देतात, काही ठिकाणी थोडी फी असते. गिल्डला आधी कळवा की माझी आई भारतातून आली आहे, ती हाताने गोधड्या शिवते, दाखवायला आणू का? नाही म्हणतील असं मला वाटत नाही. त्या सभेत हातमोजे नसतात. आईंची इच्छा असेल तर त्या स्वतःच सांगू शकतात की माझ्या गोधडीला हात लावून बघा.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी एखादी गोधडी इथे ठेवून जाणार असतील, तर दोन कामं आत्ताच करून घ्या. एक, पाठीमागे लेबल. त्यावर आईंचं पूर्ण नाव, मिरज, साल, आणि कुणाकुणाची लुगडी आत आहेत ते देवनागरीत आणि इंग्रजीत लिहा. दुसरं, टांगण्यासाठी वरच्या कडेला मागून चार इंच रुंद कापडी नळी, तिच्यातून दांडी जाते. गोधडी थरांमुळे जड असते, म्हणून ही नळी पूर्ण रुंदीभर शिवा आणि टाका फक्त मागच्या अस्तरात न घेता मागचे दोन-तीन थर धरून घ्या, पुढे दिसणार नाही इतपतच. कापड फार विरलेलं असेल तर टांगायला देऊच नका, टेबलावर पसरून मांडाल का असं विचारा. आणि नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होतं. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून न्या.